चालकविरहित मोटार आणि पादचारी : संकेतव्यवहार

‘मी थांबते आहे’ किंवा ‘आता निघते आहे’ हे रस्ता ओलांडणाऱ्याला कळावे म्हणून चालकविरहित मोटारीत केलेली योजना. चालक असतो तेव्हा नजरानजर, मानेचा होकार किंवा हाताचा इशारा पुरतो. चालक गेला की हे सारे जाते, म्हणून दिवे, चिन्हे, अक्षरे, आवाज अशा पर्यायांचा शोध सुरू झाला.

मर्सिडीज-बेंझने जानेवारी २०१५ मध्ये लास व्हेगासला दाखवलेली ‘एफ ०१५’ ही गाडी पादचाऱ्यापुढे लेसरने चक्क झेब्रा क्रॉसिंग आखून देई. स्वीडनच्या सेमकॉन या तंत्रज्ञान कंपनीने २०१६ मध्ये गाडीच्या तोंडावर दिव्यांचे हसू आणले; ते उमटले की गाडी थांबणार. जॅग्वार लँड रोव्हरने २०१८ मध्ये बग्गीवजा गाड्यांना बटबटीत डोळे बसवले. प्रदर्शनात हे सगळे शोभून दिसते.

खरी कसोटी रस्त्यावरची. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी चालकाला आसनाच्या खोळीत दडवून गाडी ‘चालकाविना’ लोकांत फिरवली (२०१६). गाडी रीतीने वागली तोवर बहुतेक लोक नेहमीसारखे रस्ता ओलांडत राहिले. ती अनपेक्षितपणे पुढे सरकली की मात्र बिचकले. फोर्डने २०१७ मध्ये व्हर्जिनियातील आर्लिंग्टनला हीच युक्ती वापरली आणि काचेवर पांढऱ्या दिव्यांची पट्टी लावली. दिवे इकडून तिकडे सरकले तर गाडी वाट देणार, स्थिर राहिले तर ती स्वतःहून चालते आहे, भराभर उघडझाप झाली तर निघणार, असा तिचा संकेत होता. तो आधी शिकावा लागतो. गाडीचा वेग उतरताना मात्र कोणालाही दिसतो. वेळेवर आणि ठळकपणे लागलेला ब्रेक हाच सर्वांत स्पष्ट इशारा म्हणावा लागेल.

संकेतांचा अर्थ प्रदेशागणिक बदलतो. आपल्याकडे डिपर मारणे म्हणजे बहुधा ‘मी येतोय, थांब’. ब्रिटनमध्ये त्याचाच अर्थ अनेकदा ‘तुम्ही जा’ असा घेतात. अक्षरी पाटी वाचता यावी लागते, आणि घोळक्यातल्या नेमक्या कोणासाठी ती आहे हेही कळत नाही. शिवाय ‘चला’ अशी आज्ञा धोक्याची, कारण शेजारच्या लेनमधून येणाऱ्या गाडीची हमी ही गाडी देऊ शकत नाही. त्यापेक्षा ‘मी थांबते आहे’ असे स्वतःपुरते सांगणे बरे.

रंगाचाही पेच आहे. हिरवा दिवा पादचाऱ्यासाठी की गाडीसाठी? लाल, पिवळा, निळा यांचे अर्थ आधीच ठरलेले. म्हणून मोरपंखी छटा पुढे आली. डिसेंबर २०२३ मध्ये मर्सिडीजला कॅलिफोर्निया व नेव्हाडात या रंगाच्या दिव्यांची परवानगी मिळाली. पण त्यांतून एवढेच समजते की गाडी यंत्रणेच्या हाती आहे. ती थांबणार का, ते नाही.

दृष्टिहीन पादचाऱ्याला यातले बहुतेक निरुपयोगी. युरोपात विजेवरील नव्या गाड्यांना ताशी सुमारे २० किमी वेगापर्यंत आवाज करणे बंधनकारक आहे, पण त्यावरून गाडी जवळ आल्याचे कळते. उभ्या गाडीवर आवाजाची सक्ती नाही. त्यामुळे वाट देऊन थांबलेली गाडी त्याच्या लेखी नसल्यातच जमा असते.