कॅथोडमध्ये अडकलेलं लिथियम

लिथियम बॅटरी नवी कोरी असते तेव्हा तिच्यातलं कामाचं लिथियम कॅथोडमध्ये, म्हणजे अधिक चिन्हाच्या बाजूला, स्फटिकात बसलेलं असतं. चार्ज करताना ते आयनांच्या, म्हणजे विद्युतभारित अणूंच्या, रूपात पलीकडच्या ग्राफाइटमध्ये जातं आणि बॅटरी वापरताना परत येतं. एक ग्रॅम ग्राफाइट ३७२ मिलिअँपिअर-तास इतका विद्युतभार साठवू शकतं. प्रचलित कॅथोड मात्र १४० ते २००च्या आसपास रेंगाळतात. म्हणजे खरी अडचण कॅथोडचीच.

१९८० साली ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ यांच्या गटाने लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा कॅथोड पुढे आणला. १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणलेल्या बॅटरीत तोच होता. कोबाल्ट-ऑक्सिजनचे थर आणि दोन थरांच्या मध्ये लिथियम, अशी त्याची रचना. कागदावर क्षमता २७४. पण निम्म्याहून बरंच जास्त लिथियम बाहेर काढलं, की थर सरकतात, आकसतात आणि ऑक्सिजनही सुटू लागतो. त्यामुळे कित्येक वर्षं निम्म्यावरच समाधान मानावं लागलं. महागड्या कोबाल्टचे पैसे मात्र पूर्ण मोजायचे!

कोबाल्टच्या जागी बरंचसं निकेल घातलं, तर तेवढ्याच व्होल्टेजला जास्त लिथियम बाहेर येतं. पण निकेलचा आयन आकाराने लिथियमच्या जवळपास असल्यामुळे तो लिथियमच्या जागेत घुसून वाट अडवतो. शिवाय पूर्ण चार्ज झालेला असा कॅथोड तापला तर ऑक्सिजन सोडतो, आणि शेजारी ज्वलनशील इलेक्ट्रोलाइट, म्हणजे आयन वाहून नेणारा द्रव, असतोच. मँगनीज किंवा अॅल्युमिनियम मिसळून त्याला आवरावं लागतं.

मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते ती लिथियम आयर्न फॉस्फेटची गोष्ट. गुडइनफ यांच्याच टेक्सासमधल्या गटाने १९९७ मध्ये ते मांडलं. यात ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, सहजी सुटत नाही. म्हणून जवळजवळ सगळं लिथियम काढलं तरी सांगाडा टिकतो. कागदावरची क्षमता १७० आणि प्रत्यक्षातली १६०च्या आसपास. लोखंड तर मुबलक. मग अडलं कुठे? हा पदार्थ वीज जवळपास वाहूनच नेत नाही, आणि लिथियम त्यातून एकेरी बोगद्यातल्या गाड्यांसारखं एकाच दिशेच्या वाटांनी जातं. वाटेत एक चुकीचा अणू बसला की मागचे सगळे खोळंबले. यावर उपाय निघाला तो रसायन न बदलता: कण नॅनोमीटरच्या मापाचे केले, म्हणजे वाटा आखूड झाल्या, आणि प्रत्येक कणावर कार्बनचा पातळ थर चढवला. व्होल्टेज तेवढं ३.४ व्होल्टच्या आसपासच राहिलं.

तेही वाढवायचं म्हणून आता थोड्या लोखंडाच्या जागी मँगनीज घालतात. मँगनीजच्या वाट्याचं व्होल्टेज ४.१पर्यंत जातं, पण विद्युतवहन आणखी मंदावतं. जास्तीचं लिथियम कोंबलेल्या मँगनीज ऑक्साइडांची क्षमता २५०च्या पुढे जाते, कारण तिथे धातूबरोबर ऑक्सिजनही इलेक्ट्रॉन देतो. मात्र दर चार्जिंगला धातूचे काही अणू जागा सोडून लिथियमच्या थरात जातात आणि व्होल्टेज हळूहळू उतरत जातं. हे स्थलांतर कसं थोपवायचं, यावर सध्या बरंच काम चालू आहे.