द ग्रेट गॅट्सबी : संपत्ती आणि ओढ यांची आशयसूत्रे

द ग्रेट गॅट्सबी (आशयसूत्रे) : एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड (१८९६–१९४०) या अमेरिकन लेखकाच्या कादंबरीतील पैसा, प्रतिष्ठा, काळ आणि ओढ या सूत्रांचा इंदूरच्या मराठी वाचकाच्या नजरेतून घेतलेला मागोवा. न्यूयॉर्कच्या स्क्रिब्नर्स प्रकाशनाने ही नऊ प्रकरणांची छोटेखानी कादंबरी १० एप्रिल १९२५ रोजी प्रसिद्ध केली. कथा १९२२ च्या उन्हाळ्यातली, न्यूयॉर्कलगतच्या लाँग आयलंडवरची. निवेदक निक कॅरवे महिना ८० डॉलर भाड्याच्या लहानशा घरात राहतो. शेजारच्या अवाढव्य वाड्याचा मालक जे गॅट्सबी जंगी मेजवान्या देतो आणि रात्री एकटाच उभा राहून खाडीपलीकडच्या एका हिरव्या दिव्याकडे बघतो. तो दिवा डेझीच्या धक्क्यावरचा आहे. पाच वर्षांपूर्वी लुइव्हिल गावी दोघांचे प्रेम जमले होते. तेव्हा तो फौजेत अधिकारी होता आणि खिशाने कफल्लक होता. पुढे तिने टॉम ब्यूकॅनन या गर्भश्रीमंताशी लग्न केले. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. गॅट्सबीने चोरट्या दारूच्या धंद्यात पैसा केला, तो तिला परत आणण्यासाठी.

‘पैशाने प्रेम विकत मिळत नाही’ हे या कादंबरीचे तात्पर्य म्हणून पाठ्यपुस्तकी टिपांत हमखास लिहिलेले असते. ते कादंबरीला फार तोकडे पडते. गॅट्सबीला डेझी हवी आहे हे खरे, पण त्याहून त्याला ती मधली पाच वर्षे झालीच नाहीत असे करून हवे आहे. त्याचा सगळा खर्च त्यासाठी चालला आहे.

कापड : इंदूर हे गिरण्यांचे आणि क्लॉथ मार्केटचे गाव. त्यामुळे इथला मराठी वाचक या कादंबरीत शिरतो तो बरेचदा शर्टांच्या दारातून. पाचव्या प्रकरणात गॅट्सबी डेझीला आपला वाडा दाखवतो. शयनगृहातली कपाटे उघडतो आणि शर्टांच्या थप्प्या एकेक करून टेबलावर भिरकावू लागतो. तलम लिनन, जाड रेशीम, मऊ फ्लॅनेल. पोवळ्याचा रंग, कच्च्या सफरचंदाचा हिरवा, फिकट जांभळा, आणि त्यांवर हिंदी निळ्या रंगात विणलेली आद्याक्षरे. विलायतेतला एक माणूस दर मोसमाला हे कपडे निवडून पाठवतो. ढीग वाढत जातो आणि डेझी त्यात तोंड खुपसून हुंदके देऊ लागते. इतके सुंदर शर्ट आपण कधी पाहिले नव्हते, एवढेच कारण ती देते.

रामबागेतल्या एका घरगुती वाचनगटात या प्रसंगावर बराच वाद रंगला होता. डेझी उथळ आहे, कापडावर भाळली, असे बहुतेकांचे मत पडले. एक काकू तेवढ्या म्हणाल्या, “अहो, शर्टांसाठी कोण रडतं? हा पाच वर्षं आधी असा आला असता तर, हे तिला तिथं कळलं.” प्रस्तुत नोंदकाराला हे वाचन बऱ्याच समीक्षेपेक्षा नेमके वाटते.

कापडाचा धागा पुढेही तुटत नाही. लुइव्हिलला गॅट्सबी डेझीच्या घरात शिरू शकला तो लष्करी गणवेशामुळे. गणवेशात गरीब कोण आणि श्रीमंत कोण ते दिसत नाही. युद्धानंतर साधे कपडे घ्यायला पैसे नव्हते म्हणून तो तोच गणवेश घालून उपाशीपोटी हिंडत होता, अशी आठवण मायर वुल्फशाइम हा जुगारी शेवटी सांगतो. टॉमने ठेवलेली मर्टल आपल्या नवऱ्याला, जॉर्ज विल्सनला, तुच्छ लेखते. कारण काय, तर लग्नातला सूट त्याने कुणाचा तरी मागून आणला होता आणि हे तिला नंतर कळले. गॅट्सबी ऑक्सफर्डला होता हे ऐकून टॉम उडवून लावतो, तेही त्याच्या गुलाबी सुटावर बोट ठेवून. उसना सूट, फुकटचा गणवेश, विलायती शर्ट : माणसे एकमेकांची पायरी कापडावरून ओळखतात, आणि कापड बदलले तरी पायरी बदलत नाही.

तरुण राजा : चौथ्या प्रकरणात गॅट्सबी निकला आपली खोटी जीवनकहाणी ऐकवतो. आपण युरोपच्या राजधान्यांतून एखाद्या तरुण राजासारखे राहिलो, पॅरिस, व्हेनिस, रोम पालथी घातली, रत्ने जमवली, विशेषतः माणके, आणि शिकार केली. निकला हसू आवरत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे फेटेवाले बुजगावणे येते. ते पॅरिसच्या उपवनात वाघामागे धावते आहे आणि त्याच्या अंगातून भुसा गळतो आहे.

इंदूरकराला इथे वेगळेच हसू येते. ज्या आयुष्याला निक भुसा भरलेली थाप समजतो, ते आयुष्य तेव्हा खरोखर कुणीतरी जगत होते, आणि त्याचा पत्ता इंदूरचा होता. तिसरे तुकोजीराव होळकर यांनी १९१३ मध्ये पॅरिसच्या शोमे या जवाहिऱ्याकडून नासपतीच्या आकाराचे दोन मोठे हिरे घेतले. ‘इंदूर पेअर्स’ या नावाने ते जगभर ओळखले गेले. त्यांचे पुत्र दुसरे यशवंतराव यांनी १९३० च्या दशकात जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियस यांच्याकडून माणिकबाग महाल बांधून घेतला आणि ब्रांकुशीची शिल्पे विकत घेतली.

कादंबरी छापून आली त्याच वर्षी, १२ जानेवारी १९२५ रोजी, मुंबईच्या मलबार हिलवर बावला खून प्रकरण घडले. होळकर दरबारातून निघून गेलेल्या मुमताज बेगमला मोटारीतून पळवून नेण्याचा प्रयत्न झाला आणि तिच्यासोबतचे व्यापारी अब्दुल कादर बावला गोळीबारात मारले गेले. प्रकरणाचे धागे इंदूरपर्यंत पोहोचले. चौकशी आयोगापुढे जाण्याऐवजी तुकोजीरावांनी १९२६ मध्ये गादी सोडली. फिट्झजेराल्डला यातले काहीही ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याची कादंबरी तेव्हा लिहून झाली होती. तरी मोटार, बंदूक, अमाप पैसा आणि हातातून निसटलेली स्त्री ही सामग्री त्या काळात लाँग आयलंडपुरती नव्हती, एवढे इथल्या वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

नवा पैसा, जुना पैसा : खाडीच्या एका बाजूला ईस्ट एग, दुसऱ्या बाजूला वेस्ट एग. पूर्वेकडे पिढीजात श्रीमंत, पश्चिमेकडे स्वतः कमावलेले. टॉमने पोलोची घोडी लेक फॉरेस्टहून आणवली आहेत, आणि ती कशासाठी आणली हे कुणाला सांगायची त्याला गरज वाटत नाही. गॅट्सबीला मात्र सगळे दाखवावे लागते. त्याच्या ग्रंथालयात पुस्तके खरी आहेत. घुबडासारख्या चष्म्याचा एक पाहुणा ती हाताळून चकित होतो, कारण त्याला पुठ्ठ्याचे खोके अपेक्षित होते. पण पुस्तकांची जोडून आलेली पाने कापून मोकळी केलेली नाहीत. एकही उघडलेले नाही.

या दोन पैशांमधली रेघ सर्वांत धारदार दिसते ती सहाव्या प्रकरणातल्या एका लहानशा प्रसंगात. टॉम, स्लोन नावाचा गृहस्थ आणि एक बाई घोड्यावरून फिरता फिरता गॅट्सबीकडे येतात. बाई तोंडदेखले म्हणते, आमच्याकडे जेवायला चला. गॅट्सबीला ते खरे वाटते. तो आत जाऊन कोट आणि टोपी घेऊन येईपर्यंत मंडळी निघून गेलेली असतात. मराठी घरात वाढलेल्याला हे समजावून द्यावे लागत नाही. ‘या ना एकदा जेवायला’ यातले खरे आमंत्रण कोणते आणि रीत म्हणून म्हटलेले कोणते, ‘जेवूनच जा’ला केव्हा पाटावर बसायचे आणि केव्हा ‘नको, घरी वाट बघत असतील’ म्हणून चपला घालायच्या, हे कुणी शिकवत नाही. ज्याला शिकावे लागते तो बाहेरचा. गॅट्सबी आयुष्यभर चपला घालायची वेळ चुकलेला माणूस आहे.

इंदुरात गादी आणि पेढी यांच्यात एवढी रुंद खाडी नव्हती. कापसाच्या सट्ट्यात आणि गिरण्यांत मोठे झालेले हुकुमचंद शेठ (१८७४–१९५९) ‘कॉटन किंग’ म्हणवले गेले, ‘सर’ झाले, आणि त्यांचे काच मंदिर आजही शहराचे भूषण मानले जाते. सट्टा इथे उघड्यावर चाले. पेढीवर बसून भाव बोलला जाई. गॅट्सबीच्या पैशाला दिवसाउजेडी नाव सांगता येत नाही, आणि नेमके तेच टॉम प्लाझा हॉटेलात सर्वांसमोर उघड करतो. त्या क्षणापासून डेझी मागे सरकू लागते. तिच्या आवाजात पैसा भरलेला आहे, असे गॅट्सबी त्याच प्रकरणात आधी बोलून गेलेला असतो. त्या पैशात आपला धरला जात नाही हे त्याला उमगत नाही.

काळ आणि ध्यास : डेझीशी पुनर्भेट होते तेव्हा गॅट्सबी निकच्या घरी शेकोटीवरच्या बंद पडलेल्या घड्याळाला डोके टेकून उभा असतो. ते कलंडते, तो कापऱ्या हातांनी सावरतो आणि माफी मागतो. पुढे निक त्याला समजावतो की गेलेले दिवस परत आणता येत नाहीत. गॅट्सबीला हे ऐकून नवल वाटते. न येण्यासारखे काय आहे त्यात? आणि येतील अशी तजवीज तो करतोच आहे : टॉमवर आपले कधीच प्रेम नव्हते, असे डेझीने टॉमच्या तोंडावर सांगायचे. हॉटेलात ती ते म्हणते, पण निभावून नेऊ शकत नाही. दोघांवरही प्रेम होते, असे कबूल करते. ‘दोघांवरही’ हा शब्द गॅट्सबीचा हिशेब मोडतो.

मराठीत या भावनेसाठी एकच शब्द पुरत नाही. ओढ, हुरहूर, तळमळ, ध्यास : प्रत्येकाची जात निराळी. हुरहूर कशाची ते सांगता येत नाही. संध्याकाळी न्यूयॉर्कच्या खिडक्यांतले दिवे बघत हिंडणाऱ्या निकची ती भावना आहे. गॅट्सबीचा तो ध्यास. ध्यासाला लक्ष्य लागते, आणि लक्ष्य हाती आले की ध्यास अडचणीत येतो. डेझी शेजारी उभी असताना गॅट्सबी तिला हिरवा दिवा दाखवतो, तेव्हा निकला जाणवते की आता तो केवळ धक्क्यावरचा एक दिवा उरला. त्याच्या मंतरलेल्या वस्तूंतली एक कमी झाली.

हा ध्यास डेझीच्या आधीपासूनचा आहे, याचा पुरावा शेवटी त्याचे वडील आणतात. जेम्स गॅट्झ (गॅट्सबीचे मूळ नाव) या पोराने एका जुन्या पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर १२ सप्टेंबर १९०६ ही तारीख घालून दिनक्रम लिहिलेला असतो. सकाळी सहाला उठणे, डंबेल्सचा व्यायाम, विजेचा अभ्यास, उच्चार सुधारणे, सिगारेट बंद, आठवड्याला पाच डॉलर शिल्लक. पैकी ‘पाच’ खोडून ‘तीन’ केलेले. त्या खोडलेल्या आकड्यात एका शेतकरी घराची ऐपत जितकी दिसते तितकी वाड्याच्या पानभर वर्णनातून दिसत नाही. म्हातारा ते पान अभिमानाने वाचून दाखवतो. गॅट्सबीच्या अंत्यविधीला मेजवानीच्या पाहुण्यांपैकी एकच येतो : तो घुबडी चष्म्याचा.

राखेचे खोरे : वेस्ट एग आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये राखेचे ढिगारे आहेत. हे चित्र क्वीन्समधल्या कोरोना भागातल्या खऱ्या राखेच्या डेपोवरून घेतले. तिथे आता फ्लशिंग मेडोज उद्यान आहे. त्या धुळीत विल्सनचे गॅरेज आणि वर डोळ्यांच्या डॉक्टरच्या जाहिरातीतले दोन प्रचंड डोळे. श्रीमंतांच्या गाड्या इथून वेगाने जातात आणि मर्टल अशाच एका गाडीखाली मरते. चाकावर डेझी असते, दोष गॅट्सबी अंगावर घेतो आणि विल्सनची गोळीही. इंदुरात या खोऱ्याची आठवण गिरणगाव बघताना होते. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचा प्रश्न २०२३ च्या अखेरीस सुटला. तोवर बरेच हक्कदार हयात नव्हते.

इतर सूत्रे : टॉमचा वर्णद्वेष कादंबरी उघडा पाडते, पण वुल्फशाइमचे ज्यू म्हणून केलेले चित्रण ओंगळ आहे आणि त्यातून लेखकाला सोडवता येत नाही. बाझ लुहरमनच्या २०१३ च्या चित्रपटात ही भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली. भारतात या कथेची ओळख अनेकांना तेवढीच आहे.

स्वीकार : पहिली आवृत्ती २०,८७० प्रतींची होती, दुसरी ३,००० ची, आणि तिच्यातल्या काही प्रती लेखकाच्या मृत्यूवेळीही गोदामात पडून होत्या. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना वाटलेल्या स्वस्त आवृत्तीच्या दीड लाखांवर प्रती गेल्या आणि पुस्तक पुन्हा उभे राहिले. अमेरिकेतला स्वामित्वहक्क २०२१ च्या आरंभी संपला.

मराठी करताना : गॅट्सबी जो भेटेल त्याला ‘ओल्ड स्पोर्ट’ म्हणतो. ‘मित्रा’ फार सरळ होते, ‘राव’ फार गावरान. इंदुरी कानाला चटकन सुचते ते ‘भिया’, पण तो शब्द पोह्यांच्या ठेल्यावरचा, खालून वर चढलेला. ‘ओल्ड स्पोर्ट’ वरून उचललेला आहे, विल्सनच्या लग्नातल्या सुटासारखा. डेली कॉलेजात शिकलेल्या संस्थानी पोरांची इंग्रजी ऐकून कुणी ती गिरवावी, तसा काहीसा प्रकार. तो देवनागरीत तसाच ठेवणे बरे. मग हॉटेलातल्या त्या दुपारी, हे कुठून उचललंस, असे टॉम विचारतो तेव्हा मराठीतही तो प्रश्न बरोबर जागी लागतो.