परसबाग (कोकण)

घराच्या मागच्या बाजूला, विहीर, न्हाणी आणि गोठा यांच्या अधल्यामधल्या जागेत घरच्यापुरती भाजी, फळे आणि फुले पिकवण्याची रीत म्हणजे परसबाग. महाराष्ट्रात ती सगळीकडे आहे. ही नोंद कोकणापुरती आहे, कारण पावसाळी मांडवाची परसबाग तिथे अजून बरीचशी जिवंत आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे या जागेला ‘मागीलदार’ म्हणतात. ‘परसाकडे जाणे’ हा शब्दप्रयोगही याच जागेचा. अळूची भाजी आणि शौचाला जाण्याचे सभ्य नाव, दोन्ही एकाच परसातून आली.

परसबागेला छोटी शेती समजू नये. ती खरी स्वयंपाकघराचीच बाहेर आलेली पडवी आहे. किती लावायचे हे घरातून सांडपाणी किती निघते आणि घरच्या बाईला येता-जाता किती वेलींवर नजर ठेवता येते, यावर ठरते. न्हाणीचे पाणी पन्हळीने केळी-अळूकडे जाते, तांदूळ धुतलेले पाणी मिरचीच्या बुंध्याशी, शेणखत आळ्यात आणि चुलीतली राख कोवळ्या पानांवर. वेलींच्या रोपांच्या पानांची चाळणी करणारे तांबडे भुंगे या राखेने लांब राहतात. पावसाची सर येऊन गेली की पुन्हा राख टाकायची, एवढाच त्रास.

वर्ष सुरू होते मृग नक्षत्रापासून, म्हणजे साधारण ७-८ जूनला. त्याआधी आळी खणून, पालापाचोळा आणि शेणखत घालून ठेवलेली असतात. एकेका आळ्यात दोन-तीन बिया. पडवळ, शिराळे (घाटावरचा दोडका), घोसाळे, कारले आणि दुधी मांडवावर चढतात. तवसे, म्हणजे मोठी पावसाळी काकडी, कुंपणावर किंवा झाडावर सोडतात. लाल भोपळा जमिनीवर वाट्टेल तिकडे जातो. मांडव बांबूचा. किनाऱ्यालगत त्यावर मासेमारीचे जुने जाळे ताणलेले दिसते. पडवळ लांबू लागले की त्याच्या टोकाला सुतळीने लहानसा दगड बांधतात, नाहीतर ते वाकडेतिकडे वळते आणि चिरताना त्रास देते. पाहुण्या पोरांना मांडवाखालचे हे लोंबते दगड म्हणजे मोठे नवल.

वेलीला सुरुवातीला नुसतीच फुले येतात, फळ धरत नाही. मग ‘वेल वांझ आहे’ म्हणून ती उपटायची घाई होते. ही पहिली फुले बहुधा नर असतात. मादी फुलाच्या मागे बोटभरही नसलेले इवलेसे फळ आधीच दिसते. झडीच्या दिवसांत मधमाश्या फिरकत नाहीत, तेव्हा नर फुलाच्या पाकळ्या काढून त्याचा परागाचा दांडा मादी फुलात फिरवावा. भोपळ्याला हे पहाटे करायचे, शिराळ्याला संध्याकाळी, कारण त्याची फुले तेव्हाच उमलतात. उरलेल्या नर फुलांची भजी होतात.

परसबागेचा खरा सण ऋषिपंचमी (भाद्रपद शुद्ध पंचमी). त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, अशी व्रताची अट आहे. नांगरटीचे धान्य वगळले की उरते ते कुदळीने खणलेले परस: अळू, लाल माठ, शिराळे, पडवळ, भोपळा, भेंडी, सुरण, मक्याची कणसे. ऋषीची भाजी म्हणजे त्या महिन्यात मागीलदारी काय काय आहे त्याची शिजवलेली यादीच. आदल्या दिवशी गणपतीवर बांधलेल्या माटवीत (गोव्यात माटोळीत) तवसे आणि चिबूड टांगलेले असतात. श्रावणात हळदीच्या पानांत पातोळ्या होतात. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत त्या १५ ऑगस्टच्या मरियेच्या सणाला करतात.

परसातला जिन्नस सहसा पुरता वापरला जातो. शिराळ्याच्या शिरांची तीळ-खोबरे घालून चटणी, पडवळाच्या बियांचीही चटणी, तवश्याचा कीस घालून गुळाची तवसोळी, जून भोपळ्याचे घारगे, आणि वेलीवरच वाळलेल्या घोसाळ्याची अंग घासायची जाळी. अळूच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्याने घसा खवखवतो. म्हणून चिंच किंवा आमसूल घातल्यावाचून अळू कोणी शिजवत नाही. एक सावधगिरी मात्र हवीच. तवसे किंवा दुधी चिरला की आधी तुकडा चाखावा आणि कडू निघाला तर सगळा टाकून द्यावा. कडूपणा कुकुरबिटासिन या द्रव्याचा असतो आणि कडू दुधीच्या रसाने माणसे दगावलेली आहेत. काकडीची टोके कापून घासल्याने तो जात नाही.

दिवाळीनंतर मांडव उतरतो आणि विहिरीच्या पाण्यावर माठ, मुळा, वांगी, मिरची आणि वालाचे वाफे येतात. हल्ली हे वाफे ओस पडतात ते बहुतांशी माकड-वानरांमुळे. जाळीत कोंडलेली बाग परवडते कुणाला?

सरकारी पातळीवर ‘उमेद’ अभियानाच्या ‘माझी पोषण परसबाग’ मोहिमेतून बचत गटांपर्यंत आणि शालेय पोषण आहारातून शाळांच्या आवारापर्यंत ही कल्पना गेली आहे. ज्यांना मागीलदारच नाही त्यांचा प्रश्न वेगळा. ब्रिटनमध्ये १९०८ च्या कायद्याने अशांना भाड्याने वाफा देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली; तिथला रूढ तुकडा सुमारे २५० चौरस मीटरचा. मुंबईत त्याच्या जवळ जाणारे म्हणजे लोकलच्या रुळांलगतचे भाजीचे मळे.

बियाणे हा परसबागेचा कणा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांचे बियाणे जपून वाटले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कोकणातली रीत तीच. वेलीवरचे सुरुवातीचे, निरोगी, घाटदार फळ चिंधी बांधून राखायचे, म्हणजे कोणी भाजीला तोडत नाही. हंगामअखेरचे उरलेसुरले बियाण्याला ठेवतो त्याची वेल पुढच्या वर्षी रडते. राखलेले पडवळ आश्विनात केशरी होते, खालून उकलते आणि आतला लाल गर दिसतो. तो धुऊन, बिया सावलीत सुकवून, राखेत घोळून चुलीवरच्या फळीवर ठेवत, म्हणजे धुराने किडा लागत नसे. आता चूल नाही. बरण्या फ्रिजच्या दारात असतात, आणि वरच्या कागदावर नाव लिहायचे राहिले तर कारले की पडवळ हे जुलैतच कळते.