कॅम्परव्हॅनच्या आधी दमणी, कयाकच्या आधी काहील

सध्या बेळगावात एक फॅड आलंय. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायची, मागच्या सीटा काढून बेड टाकायचा, गॅस बसवायचा, टपावर फुगवायची कयाक (म्हणजे एकदोघांची छोटी होडी) बांधायची आणि शनिवारी खानापूर नाहीतर हिडकल धरणाच्या बाजूला सुटायचं. आज्जीला मोबाईलवर दाखवलं तर म्हणाली, "ह्यात काय नवीन हाय, आम्ही यल्लम्माला असंच जात होतो की!"

आणि खरंच आहे ते. मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माची जत्रा, त्यासाठी गावोगावच्या बैलगाड्या काही दिवस आधीच वाटेला लागायच्या. ज्यांची ऐपत त्यांची छप्पराची दमणी, बाकीच्यांनी साध्या गाडीवरच तट्टे वाकवून आडोसा केलेला. आत पिंजर अंथरलेलं, बैलांना कडबा, माणसांना कडक भाकरी आणि शेंगाचटणी, जळणसुद्धा घरचंच. जिथं पाणी दिसेल तिथं गाडी सोडायची, तीन दगड मांडायचे आणि झोपायचं गाडीतच नाहीतर गाडीखाली. जोगुळभावीच्या कुंडात अंघोळ करून मग डोंगर चढायचा. आता बैलांच्या जागी ट्रॅक्टर-ट्रॉली आणि ट्रक आले, तट्ट्याच्या जागी ताडपत्री आली, पण "उदं गं आई उदं" आणि भांड्यांचा खडखडाट तोच.

विलायतेत हौसेखातर फिरायची चाकावरची खोली आली ती १८८५ च्या सुमाराला. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या, नौदलातून निवृत्त झालेल्या डॉक्टरनं 'वाँडरर' नावाची गाडी बांधून घेतली. तिला घोडे होते, आमच्या गाडीला बैल, एवढाच काय तो फरक (आणि तो फिरायला निघाला, आमची माणसं नवस फेडायला). मग १९५० पासून फोक्सवॅगनची डबा व्हॅन आली आणि युरोपातली पोरं तसल्या गाड्यांतून थेट भारतात यायला लागली, ते १९७९ ला इराण-अफगाणिस्तानच्या भानगडीत बंद पडलं.

आपल्याकडं मात्र हौसेला कायदा आडवा येतो. आरसीवर जे लिहिलंय त्यात परस्पर फेरफार केला तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागतं, आणि सीमाभागात वर आणखी एक ताप म्हणजे चंदगडच्या पाहुण्याकडून एमएच ०९ ची (कोल्हापूर पासिंगची) गाडी आणून वर्षाच्या वर इथं ठेवली तर केए २२ (बेळगावचा नंबर) करून घ्या आणि टॅक्स भरा. बैलगाडीला हे काही नव्हतं.

आता बोटीचं. चिक्कोडी, रायबाग, अथणीकडं कृष्णेवर पूल व्हायच्या आधी होडी म्हणजे मजा नव्हती, रोजची गरज होती. पैलतीरावर शेत, पैलतीरावर सोयरीक. होडी चालवणारे आंबी, आणि कन्नडातले अंबिगर चौडय्या, बाराव्या शतकातले वचनकार (वचनं रचणारे संतकवी), तेही नावाडीच. होडी नसली तर वाळक्या भोपळ्यांची सांगड, नाहीतर गूळ शिजवायची मोठी काहील पाण्यात सोडून तिच्यात बसायचं. गोल असल्यानं ती गरागरा फिरते, वल्हं एका बाजूनं मारलं की संपलं. पूल झाले तशा होड्या कमी झाल्या, आणि गंमत बघा, त्याच काळात धरणं झाली. मलप्रभेवर नविलुतीर्थ, घटप्रभेवर हिडकल. वाहत्या पाण्यावरची होडी गेली आणि साठलेल्या पाण्यावरची, हौसेची, आली. खाली धुपदाळच्या बंधाऱ्याजवळ १९७४ मध्ये घटप्रभा पक्षी अभयारण्य झालं, थंडीत तिथं करकोचे येतात, तेही हौशी लोकांना आयतंच मिळालं.

पण ह्या भागातला सगळ्यात मोठा निसर्गशोध ना गाडीतून लागला ना बोटीतून. खानापूर तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगवते आणि पूर्वेला कृष्णेकडं जाते, त्याच तालुक्यात देगावजवळ म्हादई उगवते आणि पश्चिमेला गोव्यात उतरते. ह्याच जंगलात तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत एक मोठ्या कानांचं वटवाघूळ सापडलं, १९१३ मध्ये लंडनच्या ओल्डफिल्ड थॉमस ह्या प्राणिशास्त्रज्ञानं त्याला नाव दिलं आणि वनखात्यातल्या रॉटनचं नाव त्याला चिकटलं. पुढं जवळजवळ नव्वद वर्षं जगाला त्याचा हा एकच पत्ता माहीत होता, मग कंबोडिया आणि मेघालयात सापडलं. २०११ ला भीमगड अभयारण्य झालं त्यात ह्या वटवाघळाचा मोठा हात. तिकडं तुमची व्हॅन कितीही भारी असू दे, जंगलखात्याच्या गेटापर्यंतच.

त्यामुळं व्हॅनवाले शेवटी वळतात हिडकलला. हुन्नूरचं विठ्ठल मंदिर धरणात गेलंय, पाणी भरलं की त्याच्यावरून कयाक जाईल एवढं खोल. एप्रिल-मेमध्ये पाणी उतरलं की ते हळूहळू वर येतं, मग भेगाळलेल्या गाळावर गाड्या लावून लोक चालत दर्शनाला जातात, कुणीतरी तिथंच तीन दगड मांडून चहा टाकतं.