चार ईमेल खाती, एक खिडकी

कामाचं एक खातं, घरचं दुसरं, बँक-विमा-गॅसवाल्यांसाठी तिसरं, आणि कॉलेजात असताना काढलेलं, ज्याचा पत्ता आता कुणाला सांगायला नको वाटतो, ते चौथं. थंडरबर्डसारखा मेल प्रोग्रॅम ही चारही खाती एका खिडकीत आणतो. मोझिलाने त्याची १.० आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये काढली. तो फुकट आहे, आणि आजही चालू आहे.

खाती जोडायला पाच-दहा मिनिटं पुरतात. पण त्याआधी एक प्रश्न विचारून घ्यावा: माझी पत्रं नक्की राहणार कुठे?

याची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही १९८०च्या दशकातली. १९८४ साली आलेल्या पॉप पद्धतीत प्रोग्रॅम सर्व्हरवरची, म्हणजे मेल कंपनीच्या संगणकावरची, पत्रं आपल्या संगणकावर उतरवून घेतो आणि, वेगळं सांगितलं नाही तर, बहुधा तिथली पेटी रिकामी करतो. सर्व्हरवर जागा थोडी आणि घरात संगणक एकच, अशा काळात हे शहाणपणाचं होतं. १९८६ मध्ये स्टॅनफर्डला मार्क क्रिस्पिन यांनी आयमॅप आखलं. त्यात मूळ पत्र सर्व्हरवरच राहतं, आपल्याकडे येते ती नक्कल. फोल्डरमधल्या प्रत्येक पत्राला एक चढता क्रमांक असतो आणि त्यावर खुणा असतात: वाचलं, उत्तर दिलं, महत्त्वाचं, खोडलं. प्रोग्रॅम सर्व्हरला एवढंच विचारतो की अमुक क्रमांकानंतर काय आलं आणि कुठल्या खुणा बदलल्या. म्हणून लॅपटॉपवर उघडलेलं पत्र मोबाइलवरही 'वाचलेलं' दिसतं.

आज फोन आणि संगणक दोन्ही वापरणाऱ्याने आयमॅपच निवडावं, यात मला शंका नाही. मात्र त्याला बॅकअप समजू नये. इथे पुसलं की सगळीकडे पुसलं जातं. जे पत्र कायमचं हवं ते 'लोकल फोल्डर्स'मध्ये उतरवावं. तो भाग फक्त आपल्या डिस्कवर असतो. आधी नक्कल करावी, चार पत्रं जोडलेल्या फायलींसकट उघडून पाहावीत, मगच मूळ काढावं. आणि त्या डिस्कचीही प्रत दुसरीकडे ठेवावी, हे ओघाने आलंच.

'युनिफाइड फोल्डर्स' चालू केले की सगळ्या खात्यांचा इनबॉक्स एक झाल्यासारखा वाटतो. तो फक्त देखावा. सरकारी कार्यालयातल्या एक खिडकी योजनेसारखं: खिडकी एक, फायली ज्या त्या खात्याच्या कपाटात. शोधायला ही सोय फार उपयोगी पडते, उत्तर देताना मात्र तीच गोंधळ घालते.

कारण आयमॅप पत्र पाठवतच नाही. पाठवणं हे एसएमटीपी या वेगळ्या पद्धतीचं काम, आणि प्रत्येक खात्याचा जावक सर्व्हर वेगळा नेमावा लागतो. समजा, ऑफिसच्या पत्त्याचं पत्र घरच्या खात्याच्या सर्व्हरमधून गेलं. घेणारा सर्व्हर ऑफिसच्या डोमेनची, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाची, जाहीर नोंद तपासतो: या नावाने पत्र पाठवायची परवानगी कुठल्या यंत्रांना आहे? या तपासणीला एसपीएफ म्हणतात. यादीत ते यंत्र नसेल तर पत्र स्पॅममध्ये पडण्याची, कधी थेट परत येण्याचीही शक्यता असते. म्हणून खातं जोडल्यावर पहिलं पत्र स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर पाठवून ते कुठे पडतं ते पाहावं, आणि रोज उत्तर देताना 'फ्रॉम'च्या ओळीवर एक नजर टाकावी.

फिल्टरचंही असंच. वीजबिलं एका फोल्डरमध्ये, बँकेची पत्रं दुसऱ्यात, असे नियम थंडरबर्डमध्ये लावता येतात, पण ते चालतात प्रोग्रॅम उघडा असेपर्यंतच. लॅपटॉप मिटून गावाला गेलात तर मोबाइलवर सगळा ढीग इनबॉक्समध्येच दिसेल. हेच नियम मेल कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन लावले, तर वर्गवारी सर्व्हरवरच होते आणि प्रत्येक उपकरणाला पत्रं लावलेलीच मिळतात.