निखळलेला खांदा: दुर्बीण टाकण्याआधी हाड मोजा

कबड्डीत पकड करताना हात मागे ओढला जातो, तालमीत डाव उलटतो, नाहीतर गाडी घसरून माणूस पसरलेल्या हातावर पडतो आणि खांदा उतरतो. 100 पैकी सुमारे 95 वेळा तो पुढच्या बाजूलाच उतरतो. सोलापुरात अजूनही अनेक जण आधी हाडवैद्याकडे जातात. खांदा बसतोही, पण एक्स-रे न काढता हात ओढला, तर सोबत मोडलेलं हाड आणखी सरकू शकतं. दंडाच्या बाहेरच्या बाजूला, बाहीवर बिल्ला लावतात त्या जागी, बधिरपणा आहे का हे खांदा बसवण्याआधी आणि नंतर तपासायचं असतं. तिथली संवेदना नेणारी नस या दुखापतीत ताणली जाते.

दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि त्याची खोबण बशीसारखी उथळ. कोणत्याही क्षणी गोळ्याचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा खोबणीला टेकलेला असतो. बशीच्या काठाला लॅब्रम नावाची चिवट कडा असते आणि सांध्याचे पुढचे अस्थिबंध तिलाच जोडलेले असतात. खांदा पुढे उतरताना ही कडा खालच्या-पुढच्या भागात हाडापासून सुटते. लंडनचे शल्यचिकित्सक बँकार्ट यांनी 1923 मध्ये हिचं महत्त्व मांडलं, म्हणून ती ‘बँकार्ट इजा’. त्याच वेळी गोळ्याची मागची बाजू खोबणीच्या काठावर आपटून तिथे खड्डा पडतो. हिल आणि सॅक्स या दोन रेडिओलॉजिस्टनी 1940 मध्ये त्याचं वर्णन केलं.

सुटलेली कडा छोट्या छेदातून सांध्यात दुर्बीण (बारीक कॅमेरा) घालून शिवता येते, पण झिजलेलं हाड शिवून भरून येत नाही. शस्त्रक्रियेनंतर खांदा पुन्हा उतरला, की दोष बऱ्याचदा टाक्यांना दिला जातो. प्रत्यक्षात चूक त्याआधीच, शस्त्रक्रियेच्या निवडीत झालेली असते.

म्हणून एमआरआयवर थांबू नये. खांदा दोन-चार वेळा उतरला असेल तर थ्रीडी सीटी स्कॅन हवाच. त्यात संगणकावर गोळा काढून टाकून खोबण समोरून पाहतात. तिचा खालचा भाग जवळजवळ अचूक वर्तुळाकार असतो. त्यावर वर्तुळ बसवायचं आणि पुढून किती तुकडा कमी आहे ते मोजायचं. खोबणीची रुंदी साधारण 25 मिलिमीटर धरली, तर 5 मिलिमीटर झीज म्हणजे 20 टक्के. 20 ते 25 टक्क्यांच्या वर हाड गेलं असेल तर नुसत्या टाक्यांवर भरवसा नको. तिथे लाटार्जे शस्त्रक्रिया करतात: खांद्याच्या पुढच्या चोचीसारख्या हाडाचा तुकडा, त्याला जोडलेल्या स्नायूंसकट, खोबणीच्या काठावर सहसा दोन स्क्रूंनी बसवतात. 2015 मध्ये अमेरिकी सैनिकांवरच्या एका अभ्यासात, 13.5 टक्क्यांच्या वर झीज असलेल्यांचा खांदा पुन्हा उतरला नाही तरी त्यांचं समाधान कमीच राहिलं. त्यामुळे 15 टक्क्यांच्या आसपास असलेल्या पैलवानाला फक्त ‘तीन छेदांत काम होईल’ असं सांगणं मला अपुरं वाटतं.

मागचा खड्डाही मोजावा लागतो. हात फिरवताना तो खोबणीच्या काठात अडकण्याइतका रुंद असेल, तर शेजारचा स्नायूबंध त्यात शिवून खड्डा बुजवतात. याला ‘रेम्प्लिसाज’ म्हणतात आणि तेही दुर्बिणीतूनच होतं.

आता प्रत्यक्ष शस्त्रक्रिया. पूर्ण भूल आणि जोडीला मानेजवळून नसेचा ब्लॉक, म्हणजे हात बधिर करणारं इंजेक्शन. रुग्ण कुशीवर किंवा अर्धवट बसलेला. 4 मिलिमीटर जाडीची, 30 अंश तिरकं पाहणारी दुर्बीण मागच्या छेदातून जाते. हा छेद खांद्याच्या हाडाच्या मागच्या कोपऱ्यापासून साधारण 2 सेंटिमीटर खाली आणि 1 सेंटिमीटर आतल्या बाजूला असतो. हत्यारं पुढच्या दोन छेदांतून. सलाईनने सांधा फुगवलेला ठेवतात.

जुन्या दुखापतीत सुटलेली कडा खोबणीच्या मानेवर आत सरकून चिकटलेली असते. ती सोडवणं हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. मागे सबस्कॅप्युलॅरिस या खांद्याच्या पुढच्या स्नायूचे तांबडे तंतू दिसेपर्यंत ती मोकळी करायची, मग हाड खरवडून रक्ताळतं करायचं, कारण कोऱ्या हाडावर कडा धरत नाही. उजवा खांदा घड्याळ मानला तर पहिला अँकर (हाडात ठोकायची, टाक्याचा दोरा असलेली छोटी खुंटी) साडेपाचच्या जागी, मग वर तीनपर्यंत. निदान तीन अँकर, बहुतेकदा चार. प्रत्येक अँकर काठावर, किंचित कूर्चेच्या बाजूला, सुमारे 45 अंशांत. तो आत मानेवर गेला तर कडा चुकीच्या जागी जुळते आणि बांध उभाच राहत नाही. पुरेसा आत ठोकला नाही तर वर राहिलेलं टोक गोळ्याची कूर्चा खरडतं. पहिला अँकर आळसाने चारच्या जागी लावला, तर खालचा सैल भाग सैलच राहतो. उलट फार आवळलं तर हात बाहेर वळत नाही.

छेद छोटे असले तरी आतलं जुळणं छोटं नसतं. चार ते सहा आठवडे पट्टा. त्या काळात बोटं, मनगट, कोपर हलवत राहायचं, हात बाहेर वळवायचा नाही. सहा आठवड्यांनंतर स्वतःच्या ताकदीने हालचाल, 12 आठवड्यांनंतर वजन. कबड्डी-कुस्ती सहा महिन्यांच्या आत नाही. सोलापुरात जानेवारीत भरणाऱ्या गड्डा यात्रेत जड नंदीध्वज पेलणाऱ्यांनी तारीख ठरवताना जानेवारीपासून उलटं मोजावं, त्यात सरावाचे दिवसही धरावेत. यंत्रमागावर हात वर करून काम करणाऱ्याला तीन महिने तरी ते काम नको.

फिट येऊन खांदा उतरला असेल, तर आधी फिट आटोक्यात हवी. एक झटका सगळे टाके तोडतो. चाळिशीनंतर पहिल्यांदा उतरला आणि हात वर जात नसेल, तर रोटेटर कफ, म्हणजे गोळ्याभोवतीच्या स्नायूबंधांचं आवरण, फाटला आहे का ते पाहावं, तिथे उपचार वेगळा.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, आणि अँकर धरून बसते का, हे दाखल होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून (योजनेच्या मदतनिसाकडून) कळून घ्यावं. सीटीची सीडी आणि अँकरच्या खोक्यावरचे स्टिकर फायलीत लावून घ्यावेत. कधी पुन्हा शस्त्रक्रिया लागली, तर नवा डॉक्टर आधी तेच मागतो.