कामाला कशी, माणसांत कशी?

औशाकडच्या आमच्या गावात सोयरिकीची चौकशी करायला आलेले पाहुणे शेजारच्या घरी हळूच दोन गोष्टी विचारतात: पोरगी कामाला कशी, माणसांत कशी? "कामाला वाघ हाय, मनमिळाऊ हाय" असं उत्तर मिळालं की पुढची बोलणी सुरू.

मानसशास्त्रानंही स्वभाव मोजायला शब्दांपासूनच सुरुवात केली. जो गुण रोजच्या व्यवहारात महत्त्वाचा, त्याला भाषेत शब्द असणारच, या भरवशावर गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ओडबर्ट यांनी १९३६ साली इंग्रजी शब्दकोशातून माणसाचं वर्णन करणारे जवळपास १८ हजार शब्द वेचले. पुढच्या संशोधकांनी ते गाळत, कोणते गुण जोडीनं येतात याचं गणित मांडत पाच गट गाठले: नव्याची ओढ, शिस्त, बहिर्मुखता, सौजन्य आणि भावनिक अस्थिरता.

पण शब्दकोश कुणाचा? आपला 'भिडस्त' घ्या. भिडस्त माणूस लाजाळू असेलच असं नाही. मोंढ्यात अडत्याशी तो तासभर हुज्जत घालेल, पण मेव्हण्यानं उसने पैसे मागितले की त्याच्या तोंडून 'नाही' निघत नाही. 'भीड भिकेची बहीण' हे माहीत असूनही निघत नाही. मला वाटतं, हा गुण एकट्या माणसात शोधून सापडायचा नाही. तो दोघांच्या मधे असतो. हेझेल मार्कस आणि शिनोबू कितायामा या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये हेच मांडलं, की काही समाजांत 'मी' स्वतंत्र उभा असतो, तर काहींत तो नात्यांनी विणलेला असतो.

२०१३ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ मायकेल गर्वेन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. बोलिव्हियाच्या जंगलपट्ट्यात शेती, शिकार, मासेमारी करून राहणाऱ्या त्सिमाने लोकांपैकी ६३२ जणांना त्यांनी त्यांच्याच भाषेत प्रश्न विचारले होते. पाच गट काही जुळेनात. दोनच ठळक दिसले: माणसं धरून राहणं आणि कष्टाळूपणा. वाचताना मला आमच्या गावचे पाहुणेच आठवले. त्सिमाने आणि आपण एक नव्हे. पण जिथं बहुतेकांचं पोट एकाच प्रकारच्या कामावर चालतं, तिथं गुणही वेगळ्या मोळीत बांधले जात असावेत, हा संशोधकांचा तर्क मला पटतो.

अशीच एक प्रश्नावली मी मावशीला वाचून दाखवली. पहिलाच प्रश्न, "तू बोलकी आहेस का?"

मावशी गव्हातले खडे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कुणासंगं?"